घाटकोपरला ठेवलेलं विरजण

मी बस चालवते, हे आमच्या सोसायटीत फार जणांना माहीत नाही. खालच्या मजल्यावरच्या वहिनींना एकदा सांगितलं तर त्या कोथिंबीर निवडायच्या थांबल्या. "या वयात? आणि लायसन?" म्हटलं, "लायसन लागत नाही, बस कॉम्प्युटरमध्ये आहे." तेव्हापासून जिन्यात भेटल्या की आधी माझी तब्येत विचारतात, मग ब्लडप्रेशर.

त्याचं असं झालं. मागे एकदा मी जिन्यातल्या ओल्या फरशीवरून घसरले आणि उजवं मनगट मोडून बसले. प्लास्टर निघालं, पण हात काही पूर्वीसारखा वळेना. पोळी लाटायला घेतली की लाटणं एका बाजूला पळायचं. व्यायाम शिकवणारी बाई म्हणायची, "मावशी, दोन्ही हातांची बोटं हलती ठेवा, नुसत्या बसू नका." मग माझ्या सुनेनं तिचा जुना कॉम्प्युटर माझ्या खोलीत लावून दिला आणि त्यात बस चालवायचा गेम घातला. म्हणाली, "आई, तुम्ही सारख्या मामांच्या गाडीच्या गोष्टी सांगता. घ्या, आता तुम्हीच चालवा."

मामा म्हणजे माझा थोरला भाऊ, दादा. सरकारी लाल गाडीवर ड्रायव्हर होता. कणकवली ते कोल्हापूर, फोंडा घाटातून, सगळी नोकरी त्यात गेली. लग्नाआधी मी कोल्हापूरला मावशीकडे जायची ती त्याच्याच गाडीनं, त्याच्या पाठीमागच्या सीटवर बसून. घाटात दादा कुणाशी बोलायचा नाही, सख्ख्या बहिणीशीसुद्धा नाही. घाट चढून संपला की मग आरशात बघून एकच विचारायचा, "ओकलंस काय गो?" बहुतेक वेळा मी ओकलेली असायची.

तर गेम. त्यातले मूळचे रस्ते परदेशातले. काय ते रस्ते! धुऊन वाळत घातल्यासारखे. कुठे म्हैस बसलेली नाही, कुणी मध्ये येत नाही, प्रवासी रांगेनं चढतात आणि आभार मानून उतरतात. दोन दिवसांत मी कंटाळले. सुनेला म्हटलं, "अगं, इथे कुणी शिवीसुद्धा देत नाही, चालवायचं कशाला?" ती हसली आणि म्हणाली, "यात मॉड घालता येतात आई."

मॉड म्हणजे काय, तर गेम बनवणाऱ्या कंपनीनं नव्हे, खेळणाऱ्या लोकांनीच हौसेनं बनवून दिलेली भर. आमटी कंपनीची, फोडणी लोकांची. कुणी लाल गाडी बनवतो, कुणी रस्त्याकडेची टपरी, कुणी नुसता हॉर्न. आपण उतरवून घ्यायचं आणि आपल्या गेममध्ये बसवायचं. पण त्याला क्रम लागतो हं. आधी रस्ता, मग रस्त्याकडेची झाडं, घरं, मग गाडी, मग गाडीचा आवाज. मी पहिल्यांदा उलटसुलट केलं तर गाडी रस्त्याच्या वर तरंगायला लागली आणि खाली प्रवासी शांतपणे उभे. वाटपाचं खोबरं वाटून झाल्यावर भाजायला घेतल्यासारखं ते झालं. पण शिकले. व्हिडिओ बघून, चुकून, सुनेचं डोकं खाऊन शिकले. कुणी कुणी चांगली जुळलेली मॉडं क्रमानं लावून त्यांचं एकच गाठोडं करून ठेवतात, त्याला कलेक्शन म्हणतात. ते घेतलं की डोक्याला ताप कमी.

आता मॉड काय, सगळ्यांना सारखीच. सेटिंग मात्र ज्याचं त्याचं. कुठलं बटण कशाला, अक्षरं केवढी, स्टेअरिंग किती झटकन वळावं, हे सगळं ज्यानं त्यानं आपल्या हाताडोळ्यांना जुळेल असं लावायचं. माझं सेटिंग म्हणजे माझा मोडका हात. उजवा हात नुसता टेकवायला. बाकी सगळा कारभार डाव्याकडे. वळायचं त्यानंच, गिअर त्यानंच, ब्रेक अंगठ्याखाली त्या लांबुडक्या आडव्या बटणावर, हॉर्न करंगळीखाली. स्टेअरिंग मंद केलेलं, कारण माझं बोट बटणावरून पटकन उठत नाही. अक्षरं मोठी. गाडी खड्ड्यात गेली की सगळं चित्र हलतं, ते बंद केलेलं, मला भोवळ येते. रस्त्यावरचं धुकंही अगदी पुसटसं ठेवलेलं. गिअर आपोआप पडायची सोय आहे, पण ती मी घेतली नाही. दादाला कळलं असतं तर त्यानं बहीण म्हणायचं सोडलं असतं. नवा ब्लाउज अंगावर बसवताना कसं करतो, एक टाका उसवायचा, परत घालायचा, पुन्हा आरशासमोर उभं राहायचं, तसं महिनोनमहिने करून ते मी बसवलं होतं.

व्यायामाच्या ठिकाणी माझी एक मैत्रीण झाली. ती घाटकोपरची. तिचा खांदा, माझं मनगट. जन्मभर एका कचेरीत टायपिंग केलेलं, त्यामुळे बटणांना घाबरत नाही. तिला गेमचं सांगितलं तर म्हणाली, "मलाही दे गं, संध्याकाळच्या मालिका बघून माझा खांदा जास्त दुखतो." मी पेन ड्राइव्हवर माझं सगळं फोल्डर घातलं, मॉड, सेटिंग, जे काय होतं ते, आणि तिच्या हातात ठेवलं. म्हटलं, "हे विरजण घे, तुझं तू लाव."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन. "अगं ए, हे कुणासाठी केलंयस, डाव्या सोंडेच्या गणपतीसाठी? सगळं आपलं डावीकडेच! आणि अक्षरं केवढी ठेवलीयस, समोरच्या बिल्डिंगमधले लोक वाचतायत."

"मग बदल ना, तुझ्या हाताला जमेल तसं लाव."

"लावलं. तुझं मात्र टाकलं नाही हं. वेगळं बांधून ठेवलंय. विरजण टाकू नये."

मी हसले आणि विसरून गेले.

इकडे दादाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. कधीचे पिकलेले. वहिनी सांगून थकली, मी फोनवर भांडून थकले. त्याचं दरवेळी नवीन निमित्त. भातकापणी आहे, देवाची पालखी आहे, घरात मांजर व्यालीय. खरं कारण आम्हा दोघींना माहीत होतं. ज्या माणसानं सगळं आयुष्य डोळ्यांवर काढलं, त्याला त्या डोळ्याला कुणी हत्यार लावणार हे सहन होत नव्हतं. शेवटी एकदा फोनवर मी म्हटलं, "मुलुंडाक ये. डॉक्टर घराच्या मागेच आसा. आणि इलस की तुका मी फोंडा घाट चढवन हाडतंय." दादाशी बोलताना माझी जीभ आपोआप गावाला जाते.

तो एवढा हसला की वहिनी विचारायला आली काय झालं. "तू? तुका सायकल येणा नाय, नि घाट चढवतंस! बरा तर. घाट चढवन दाखव, मगे डोळो कापून घेतंय. नाय जमला तर मी सकाळच्या गाडीन परत."

नंतर वहिनीनं हळूच फोन घेतला. "वन्स, तुम्ही हां म्हणा. पण जमवा हां तेवढं. ह्या माणसाला परत यायला निमित्त मिळालं ना, तर पुन्हा नाही यायचा."

म्हणजे बघा, सगळं येऊन माझ्या डाव्या हातावर पडलं.

तोपर्यंत मी देशावरच्या सपाट रस्त्यांवरच गाडी चालवत होते. शोधता शोधता फोंडा घाटाचं एक अख्खं कलेक्शन सापडलं. कुणी बनवलं देव जाणे, पण बनवणारा त्या रस्त्यावर वाढलेला असणार. करवंदीच्या जाळ्या आहेत, कठड्यावर माकडं बसलीयत, वळणावरचा पांढरा रंग उडालेला तोही तसाच. रविवारी सकाळी दादा येणार होता, सोमवारची डॉक्टरांची वेळ मी घेऊनच ठेवली होती. शुक्रवारी दुपारी, सून पवईला ऑफिसात असताना, मी ते बसवायला घेतलं.

मध्येच कॉम्प्युटरनं विचारलं, हे कलेक्शन करणाऱ्याचं स्वतःचं सेटिंगही वापरायचं का? आता आमच्याकडची रीत अशी की कुणी आग्रहानं वाढलं की ताटावर हात आडवा धरायचा नाही. एवढा सुंदर घाट फुकट दिला त्या माणसानं, त्याचं सेटिंग नको कसं म्हणायचं? मी "हो" दाबलं. मग विचारलं, जुनं साफ करू? त्यालाही हो. मला कसली भीती! माझ्या सेटिंगची एक प्रत मी आधीच काढून ठेवली होती, "जपून" असं तिचं नावसुद्धा ठेवलं होतं.

गाडी सुरू केली. अक्षरं मुंग्यांएवढी. डाव्या हाताखालचं एकही बटण ऐकेना. उजव्या हातानं जरा वळवायला गेले तर स्टेअरिंग असं गरकन फिरलं की गाडी थेट टपरीत, आणि त्याबरोबर सगळं चित्र हललं आणि माझं डोकंही. डोळे मिटून थोडी बसले. मग म्हटलं चला, "जपून" काढू. तर "जपून" नाही. वर नाही, खाली नाही, कचऱ्याच्या डब्यातही नाही.

सुनेला फोन लावला. "अगं, वाट लागली माझी."

"आई, शांत व्हा. कॉपी केली होतीत ना? कुठे ठेवली होती?"

"गेमच्याच फोल्डरमध्ये. हाताशी असावी म्हणून."

ती म्हणाली, "म्हणजे आई, घराची जादा किल्ली घरातच ठेवली आणि दार ओढून घेतलंत."

"आता काय करू ते सांग. मामा तुझ्या नवऱ्याचा, पण निमित्त शोधत येतोय तो."

"मी आले की बसू आपण. एकेक बटण परत लावू."

पण ती येईपर्यंत कुठला मला धीर! स्वतःच लावायला बसले आणि तिथे मला खरा धक्का बसला. मला काही आठवेचना. गिअर वर टाकायचं कुठलं, खाली कुठलं, स्टेअरिंग किती मंद होतं? सगळं माझ्या बोटांना पाठ होतं, मला नव्हतं. अंदाजानं लावलं तर बोटं चुकीच्या घरात शिरल्यासारखी गोंधळायची. पहिल्याच वळणाला गाडी दरीत. परत काढली, परत दरीत. मनगट ठणकायला लागलं तेव्हा उठले, देवापाशी दिवा लावला, आणि दिवा लावता लावता मला घाटकोपर आठवलं.

फोन लावला. "अगं, ते माझं डाव्या सोंडेचं आहे का अजून?"

"आहे ना. म्हटलं होतं ना, टाकत नाही म्हणून."

"मला हवंय गं. आत्ता हवंय." सगळी कथा सांगितली. तिनं नीट ऐकून घेतली, दरीत पडले तिथे मनसोक्त हसली, आणि म्हणाली, "उद्या सकाळी ये."

"आत्ता काय झालं?"

"दिवे लागले. दिवे लागल्यावर मी विरजण देत नाही."

"अगं बाई, कॉम्प्युटरच्या फाईलला कसली दिवेलागण!"

"तूच देताना म्हणालीस, विरजण घे. मग आता नियम पाळ. आणि मेलनं पाठव म्हणू नकोस, मागच्या वेळी माझी मेल भाचीच्या सासूला गेली होती, अजून बोलत नाहीत त्या."

चेष्टा करत होती की खरंच, हे तिचं तिलाच ठाऊक. पण एवढं खरं की माझ्या सासूबाईही दिवे लागल्यावर दही घराबाहेर जाऊ देत नसत, आणि मीही कधी दिलं नाही. सकाळी येते म्हटलं.

शनिवारी सकाळी बाटलीत सोलकढी भरली, रिकाम्या हाती कसं जायचं, आणि बसनं घाटकोपरला निघाले. ड्रायव्हरच्या मागची सीट मिळाली. त्याचे हात बघत बसले. भांडुपला सिग्नल सुटल्यावर त्यानं दुसरा गिअर टाकायला अंमळ उशीरच केला. मी मनातल्या मनात आधीच टाकला होता.

मैत्रिणीनं सगळं तयार ठेवलं होतं, पेन ड्राइव्हला कुंकवाचं बोट तेवढं लावायचं बाकी होतं. "हे बघ," म्हणाली, "सगळं फोल्डर नेऊ नकोस. सगळं नेलंस तर तुझा नवा घाट पुसला जाईल आणि जुनाच सपाट रस्ता परत येईल. मॉड मॉडच्या जागी राहू देत. नुसती ही सेटिंगची एक फाईल ने आणि तिथल्या तिथे बदल. आणि परत कुणी विचारलं की माझं सेटिंग घेता का, तर?"

"तर नको म्हणायचं."

"म्हणून दाखव."

"नको."

"जमत नाही तुला. लाजतेस. जोरात म्हण." तिच्या स्वयंपाकघरात उभी राहून मी तीनदा नको म्हटलं, तेव्हा तिनं पेन ड्राइव्ह दिला.

घरी येऊन फाईल बदलली. गेम उघडला. अक्षरं मोठ्ठी, ओळखीची. डावा हात ठेवला आणि करंगळी आपसूक हॉर्नवर गेली. इतका मोठा हॉर्न वाजला की कुकरची शिट्टी वाटून सून आतून धावत आली.

रविवारी दादा आला. नारळाची गोणी, कोकमं, आणि परतीच्या गाडीची चौकशी करूनच आलेला. चहा घेतला आणि म्हणाला, "चल, खय आसा तुझी गाडी?" मी त्याला खुर्चीशेजारी बसवलं. पाठीमागे सून, मोबाइल काढून तयार.

गाडी सुरू केली तसा तो सरळ बसला. पडद्याकडे बघत नव्हता. मान जरा तिरकी, कान पुढे. "आवाज बरोबर आसा," म्हणाला. पायथ्याशी पहिलाच चढ लागला. "आता दुसरो टाक." टाकला. "वळण इला. हॉर्न मार गो, हॉर्न मारल्याशिवाय जाव नको." मारला. एका ठिकाणी गिअर टाकायला मला उशीर झाला आणि इंजिन घरघरलं तसा म्हणाला, "खोकलो काढूक लागली बिचारी. गाडी चलवतंस की चिंचा पाडतंस?"

"दादा, गप रव. घाटात ड्रायव्हर बोलत नाय."

सून खुदकन हसली. दादा खरंच गप्प झाला. मग मी एकेक वळण घेत गेले. समोरून ट्रक आला त्याला जागा दिली. माकडं ओलांडली. डावा हात आपला आपण चालला होता, मी नुसती बघत होते. माथ्यावर पोचले, गाडी बाजूला घेतली आणि मान वळवून विचारलं, "ओकलस काय रे?"

हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पंच्यानं पुसलं आणि पडद्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "धुका बरा दाखवल्यानी हां. माथ्यावर असाच असता. रस्तो दिसणा नाय."

माझ्या सेटिंगमध्ये धुकं किती? नावाला. तेही मी आत जाऊन पार बंद केलं. "आता बघ."

"तसाच आसा."

"दादा, मी धुका बंद केलंय."

त्यानं डोळे चोळले, पुढे वाकला, मागे झाला. सून मोबाइल खाली ठेवून हळूच आत गेली. माझा हात अजून बटणांवरच होता. दादानं पंच्यानं पडदा पुसून बघितला आणि मग म्हणाला, "मगे काय, ह्या माझ्याच डोळ्यातला."

"होय."

"डॉक्टर उद्या किती वाजता बोलवता?"

परतीच्या गाडीचं नाव त्यानं काढलं नाही. सोमवारी एक डोळा झाला, पुढे काही दिवसांनी दुसरा. मध्यंतरी हिरवी पट्टी बांधून माझ्या खोलीत बसायचा आणि मी घाट चढायची, तो ऐकायचा आणि नावं ठेवायचा. माझ्या ड्रायव्हिंगला एवढी नावं व्यायामवाल्या बाईनंही कधी ठेवली नसतील.

दोन्ही पट्ट्या निघाल्यावर, डॉक्टर हो म्हणाले त्या दिवशी, त्यानं मला खुर्चीवरून उठवलं. बसला. आणि पहिल्याच बटणाला ओरडला, "ह्या काय गो, सगळा उलटा! ब्रेक अंगठ्यान कोण मारता?" मग सुनेला शेजारी घेऊन त्यानं आपलं सगळं लावलं. अक्षरं बारीक केली, मुद्दाम मोठ्यानं वाचून दाखवली. खड्ड्यातला धक्का चालू केला. धुकं पूर्ण. म्हणाला, घाट आहे तर धुकं हवंच, आता ते बाहेरचं आहे एवढं पुरे.

जायच्या दिवशी गोणी बांधता बांधता म्हणाला, "माझा येगळा ठेव हां. तुझ्यात मिसळू नको. परत इलंय की माझा माका मिळाक व्हया."

मी "हो" म्हटलं. दोन्ही फाईली पेन ड्राइव्हवर घेतल्या, त्याच्या नारळांपैकी दोन पिशवीत टाकले आणि दिवे लागायच्या आत घाटकोपरला देऊन आले.